राखून चालणारं इंजिन

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात, चित्रं आणि शिल्पांच्या सोबतीला, एक लाल मोटार आहे. तिचं नाव सिसितालिया २०२. पिनिनफारिनांच्या कारखान्यात घडलेलं तिचं अंग एकाच ओल्या मातीतून ओढून काढावं तसं सलग आहे. १९५१ साली या संग्रहालयानं आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यातही हे मॉडेल होतं. पाहणारे तिच्या बॉनेटच्या उतारावर रेंगाळतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या बॉनेटखाली जे आहे ते बघायला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. तिथे फियाट ११०० चं चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन आहे: बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. याच मापाचं, याच घराण्याचं इंजिन धुळ्याच्या एखाद्या जुन्या वकिलाच्या दारात किंवा जळगावच्या एखाद्या डॉक्टरच्या पत्र्याच्या शेडखाली, प्रीमियर पद्मिनीच्या पोटात, आजही सापडतं.

या घराण्याचं मूळ १९३७ च्या फियाट ५०८ सी मध्ये आहे, आणि त्याची एक फांदी थेट फेरारीपर्यंत जाते. अल्फा रोमिओ सोडताना एन्झो फेरारींवर अट पडली होती की चार वर्षं स्वतःच्या नावाची गाडी काढायची नाही. म्हणून १९४० साली मोडेनात त्यांनी पहिली गाडी काढली ती 'ऑटो आव्हिओ कोस्त्रुत्सिओनी ८१५' या नावानं. आठ सिलिंडर, दीड लिटर, म्हणून ८१५. आठ सिलिंडर उभे करायला त्यांनी फियाट ११०० चे दोन हेड टोकाला टोक लावून बसवले. २८ एप्रिल १९४० रोजी ब्रेशियाच्या शर्यतीत अशा दोन गाड्या उतरल्या. एकीवर पुढे दोनदा जगज्जेता झालेला अल्बेर्तो आस्कारी होता. यंत्रातल्या बिघाडानं दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, फियाटचे अभियंते दान्ते जिआकोसा यांनी आखलेली सिसितालिया डी ४६ ही छोटी शर्यतगाडी आली. तिचंही इंजिन हेच, साठच्या आसपास अश्वशक्तीपर्यंत ताणलेलं. पद्मिनीत ते चाळीसच्या आसपास देतं. विलायती स्पोर्ट्‌स कारचं इंजिन जुन्या बाजारात, लाखो किलोमीटर चाललेलं आणि आपल्या ऐपतीत हवं असेल, तर खान्देशात शोधायची गाडी म्हणजे जुनी फियाट. आपल्याकडे पद्मिनीला कोणी पद्मिनी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. आणि ते इंजिन एवढं का टिकलं हे समजून घेण्यात, गाडी विकत घ्यायची नसली तरी, एक निखळ आनंद आहे.

सुरुवात मापापासून करू, कारण या इंजिनाचा स्वभाव तिथेच ठरतो. स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा. पिस्टनला वरखाली अधिक अंतर कापावं लागतं, म्हणून असं इंजिन जास्त फेऱ्यांना नाखूष असतं आणि कमी फेऱ्यांत मनापासून ओढतं. ८१५ मध्ये इटालियन कारागिरांनी हेच ओळखून स्ट्रोक ६० मिलिमीटरवर आणला. गाडीला मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत जायचं होतं. त्या वेगात तिचा पिस्टन सेकंदाला सरासरी ११ मीटर धावतो. जळगाव-धुळ्यामधल्या पारोळ्याच्या वाटेवर टॉप गिअरमध्ये ताशी साठनं चाललेली पद्मिनी अदमासे अडीच हजार फेरे घेते, आणि तिचा पिस्टन सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास चालतो. घासणारा धातू तोच, पण घाई जवळजवळ निम्मी. सिलिंडरची भिंत आणि पिस्टनची कडी यांच्यात तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो, त्याला श्वास घ्यायला इतकी सवड पुरते. इंजिनाचं आयुष्य या सवडीत आहे, आणि ती १९३७ च्या कागदावरच आखून ठेवलेली दिसते तेव्हा आखणाऱ्याच्या संयमाला दाद द्यावीशी वाटते.

ही सवड किती मोठी आहे, हे दुसऱ्या टोकाशी ताडून बघावं. १९९० च्या दशकातली फेरारी एफ ३५५ साडेतीन लिटरमधून ३८० अश्वशक्ती काढते, म्हणजे दर लिटरमागे सुमारे १०९. सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह आणि सव्वाआठ हजार फेऱ्यांवरचा तो आवाज अंगावर काटा आणतो. पण तिचा कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि सुरुवातीच्या गाड्यांचे ब्राँझचे व्हॉल्व्ह-गाइड लवकर झिजत. पद्मिनी दर लिटरमागे ३७ च्या आसपास मागते. तिचा कॅमशाफ्ट खाली, क्रँकशेजारी ब्लॉकमध्येच बसतो आणि साखळीनं फिरतो. साखळी सैल झाली की पुढच्या बाजूनं खरखर करून आधी सांगते. न सांगता तुटणं तिच्या स्वभावात नाही. एफ ३५५ नं आपलं सगळं भांडवल एका क्षणासाठी पणाला लावलं आहे, पद्मिनीनं मुद्दलाला हात न लावता व्याजावर संसार केला आहे. जुन्या इंजिनाची परीक्षा म्हणजे हे मुद्दल कोणी किती मोडलं ते वाचणं.

म्हणून किलोमीटरच्या आकड्याला फार भाव देऊ नये. जुन्या गाड्यांचे मीटर बहुधा पाच आकडी असतात. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की पुन्हा शून्य. मीटर एकदा फिरलं की तीनदा, हे मीटर सांगत नाही. ते ब्रेकच्या पेडलवरचं रबर सांगतं, विशेषतः त्याची उजवी कड. स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरच्या लिव्हरची ढिलाई सांगते: नवं असताना तो लिव्हर नेमक्या खाचेत जाऊन बसतो, लाखभर गिअर पडल्यावर मात्र तिसरा कुठे संपतो आणि चौथा कुठे सुरू होतो हे हातालाच शोधावं लागतं. ड्रायव्हरच्या बाजूची सीट आणि दाराचा बिजागर यांचा झुकाव एकमेकांशी जुळतो का, तेही पाहावं. रबर नवं, सीटकव्हर नवं, आणि दार मात्र उघडताच बिजागरावर दोन बोटं खाली येतं, अशी विसंगती दिसली की इतिहास झाकलेला आहे हे कळतं. एका रबराच्या तुकड्यात वीस वर्षांच्या पायाची सवय उमटलेली बघणं हे या वाचनातलं पहिलं सुख.

आणि जास्त किलोमीटर ही तक्रार मुळात ठरतेच असं नाही. इंजिनाची मोठी झीज थंड अवस्थेत सेल्फ मारल्यापासूनच्या पहिल्या काही मिनिटांत होते. तेव्हा तेल खाली ओघळलेलं असतं आणि चोक ओढला की जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं उरलंसुरलं तेलही धुऊन काढतं. जळगावातल्या जळगावात बाजार आणि शाळा करणारी गाडी दिवसातून चार वेळा थंडच सुरू होते. जळगाव-धुळे असा एरंडोल-पारोळ्यावरून नव्वद किलोमीटरच्या आसपासचा रस्ता रोज कापणारी गाडी एकदा सुरू होते आणि मग सपाट मैदानात, गरम तेलात, टॉप गिअरमध्ये चालत राहते. म्हणून कोर्टाच्या तारखांसाठी किंवा कापसाच्या सौद्यांसाठी तालुक्यातालुक्यांत फिरलेली दोन लाखांची फियाट ही वाड्यात दहा वर्षं झाकून ठेवलेल्या तीस हजारांच्या फियाटपेक्षा पुष्कळदा निरोगी निघते. उभ्या गाडीच्या पिस्टनच्या कड्या खाचेतच चिकटून बसतात, पाण्याच्या वाटा गंजतात, कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकट होऊन बसतं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनी हेच उघड्यावर सिद्ध केलं. त्या फियाट पाळीपाळीनं चालत, इंजिन थंड व्हायला सवडच मिळत नसे. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात गाडी बनणं थांबल्यावरही त्या चालत राहिल्या. शेवटची ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिला थांबवलं ते नियमानं, आणि एखाद्या इंजिनाला यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

आता बॉनेट उघडू. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अॅल्युमिनियमचा. हा जोड सुंदर आहे आणि नाजूकही. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. मधल्या गॅस्केटला या दोघांची ओढाताण रोज सोसावी लागते. हेड हलका, उष्णता झटपट बाहेर टाकणारा, म्हणून शर्यतवाल्यांना तो आवडला. पण एकदा पाणी संपलेलं असताना गाडी दामटली की तो वाकतो. जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा रेडिएटरला बाहेरच्या हवेकडून मिळणारी मदत फार थोडी असते. त्यात गाडी जिनिंगच्या आवारात उभी राहणारी असली तर रेडिएटरच्या जाळीत कापसाचा तंतू धुळीबरोबर थापलेला सापडतो. विकणारा बॉनेट पुसतो, ती जाळी सहसा कोणी पुसत नाही. बोट घालून बघावं. तंतू निघाला तर हेडचा इतिहास विचारायलाच हवा: किती वेळा प्लेन करून घेतला? दर प्लेनिंगला हेड थोडा पातळ होतो, ज्वलनाची जागा आकसते, कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर इंजिन टिणटिणू लागतं. नंतर रेडिएटरचं झाकण, इंजिन थंड असताना. पाण्यावर तेलाचे रंगीत डोळे नसावेत, आणि ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधट साय नसावी. हेडच्या एका बाजूच्या जोडरेषेवर नखानं चाचपून, धातूची मूळ जाडी किती उरली आहे ते सांगणारे मिस्त्री अजून धुळ्याच्या गॅरेजांत आहेत. त्यांच्या नखाला मायक्रोमीटरची शिस्त असते.

अॅल्युमिनियमच्या हेडचा एक गुण मात्र सहज नजरेतून सुटतो. मऊ धातूत व्हॉल्व्हची बैठक थेट कोरता येत नाही, कठीण धातूची वेगळी कडी ठोकून बसवावी लागते. बैठक झिजली तर कडी बदलायची, हेड तोच राहतो. दुरुस्तीची वाट मूळ रचनेतच ठेवलेली आहे. ज्यानं हे आखलं त्याला ठाऊक असणार की ही गाडी कोणाच्या तरी हाती म्हातारी होणार आहे.

यानंतर कान. मालकाला आधी सांगून ठेवावं, सकाळी येतो, गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या सायलेन्सरला हात लावावा. गरम लागला तर चहा घ्यावा, गप्पा माराव्यात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं. थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात खालून हलकी टकटक आली आणि पाणी तापताच विरली, तर ती पिस्टनची आहे. बोअर थोडा मोठा झालाय, थंड पिस्टन आत डुलतो, तापून फुगला की नीट बसतो. हा आवाज म्हातारपणाचा आहे, आजाराचा नाही. उलट, थंडीत गप्प असलेलं इंजिन गरम झाल्यावर आणि विशेषतः ओझं पडल्यावर खोल, जड ठोका देऊ लागलं, तर तो बेअरिंगचा. क्रँकला इथे तीनच मेन बेअरिंगांचा आधार आहे, मधलं बेअरिंग दोन्हीकडचा भार झेलतं. तेल तापून पातळ झालं की झिजलेल्या फटीतून ते निसटतं आणि ठोका ऐकू येतो. दोन आवाज, दोन्ही धातूवर धातूचे, पण एक थंडीत येतो आणि उन्हात जातो, दुसरा उन्हातच येतो. धुळ्यातल्या एका वयस्क मिस्त्रींना मी याचं गमक विचारलं, तेव्हा बॉनेटवर कोपर टेकवून ते म्हणाले, "इंजिन बोलस भाऊ, तू फक्त आयकी ले." अर्धा तास आयकून घेतल्यावर कळतं, इंजिन किती स्पष्ट बोलतं ते.

टॅपेटची टिकटिक हा याच श्रवणातला सूक्ष्म भाग. नवखा गिऱ्हाईक टिकटिक ऐकून किंमत पाडतो. मुरलेला मिस्त्री ती नसेल तर भुवई उंचावतो. व्हॉल्व्हच्या दांड्याला तापून लांबायला थोडी जागा लागते, म्हणून टॅपेटमध्ये ठरावीक फट ठेवतात आणि त्या फटीचा हा आवाज. कोणी विकण्याआधी फट कसून बंद केली तर गाडी गुळगुळीत चालते, पण तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम वायू त्याच्या कडेवरून जात राहतात आणि महिन्याभरात कड जळते. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, आणि आठांचा ठेका एकसारखा. शिवणयंत्रासारखा हलका आणि सलग ठेका लागला की समजावं, या गाडीला कोणीतरी वेळेवर हात लावत आलंय. निरोगी आवाज आणि शांतता यांतला हा भेद ज्याला कळला, त्याला अर्धं इंजिन कळलं.

कानांनंतर डोळ्यांना धूर. धूर गॅरेजसमोर वाचायचा नसतो, तो घाटात वाचायचा. धुळ्याहून मुंबईच्या दिशेनं निघालं की लळिंगचा चढ येतो, वर किल्ला दिसतो. चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडीला ओझं द्यावं आणि मागच्या आरशात बघावं. चढावर निळसर धूर सतत येत राहिला तर पिस्टनच्या कड्या थकल्या आहेत आणि तेल खालून वर येतंय. परतताना उतारावर पाय उचलून गाडी गिअरवरच सोडावी, आणि खाली पोचल्यावर हलकेच अॅक्सिलरेटर दाबावा. तेव्हा एकच निळा झोत येऊन थांबला, तर तेल वरून, व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरतंय. उतारावर बंद थ्रॉटलमुळे आत पोकळी निर्माण होते आणि ती तेल शोषून घेते. पहिलं दुखणं इंजिन खोलायला लावतं, दुसरं हेडपुरतं. त्या दोन झोतांत हजारो रुपयांचा फरक आहे आणि तो दाखवायला एक चढ आणि एक उतार पुरतो. कोणत्याही यंत्राच्या मदतीवाचून, केवळ वाट निवडून, इंजिनाच्या आतली बाजू बघता येते ही युक्ती मला फार आवडते.

उन्हाळ्यात घ्यायची असेल तर आणखी एक खूण आहे. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक, इंजिनाला चिकटून बसलेला. भर दुपारी गाडी थांबवली की इंजिनाची धग पंपात शिरते, नळीतलं पेट्रोल वाफ होतं आणि पंप वाफेला ओढू शकत नाही. गाडी सुरू होत नाही. जुन्या ड्रायव्हरांकडे यावर उपाय होता: पंपावर ओलं फडकं. एखाद्या गाडीत टूलकिटच्या पिशवीत वाळून कडक झालेलं, तेलकट डागांचं फडकं आणि पाण्याची बाटली सापडली, तर ती गाडी खऱ्याखुऱ्या उन्हाळ्यांत चालवली गेली आहे आणि चालवणाऱ्याला तिचं तंत्र ठाऊक होतं, असं खुशाल समजावं. त्या फडक्याला सर्व्हिस बुकातल्या कोणत्याही शिक्क्याइतकीच किंमत आहे.

आता हात. ऑइलचं झाकण चालू इंजिनावर उघडून तळहात वर धरावा. गरम फुंकर येणारच, पण ती सलग आणि मऊ असावी. धापांसारखी, ठेक्यात येणारी फुंकर म्हणजे एखाद्या सिलिंडरातून वायू कड्यांना चुकवून खाली उतरतोय. मग इंजिन बंद करून, टॉप गिअर टाकून, सपाट जागी गाडी हळूहळू ढकलावी. प्रत्येक सिलिंडर आपल्या पाळीला गाडी अडवतो: एक झटका, सैल, पुन्हा झटका. चारही झटके सारखे वाटायला हवेत. शेवटी चारही प्लग काढून, ज्या क्रमानं होते त्याच क्रमानं बॉनेटवर मांडावेत. विटकरी-तपकिरी रंग उत्तम, ओला काळा म्हणजे तेल, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे आग फार गरम. चार प्लगांची ही ओळ इंजिनाची पत्रिका आहे. चौथ्या प्लगचा रंग पहिल्या तिघांपेक्षा वेगळा निघाला की बोट नेमकं कोणत्या सिलिंडरवर ठेवायचं हे न खोलता कळतं.

दोन-तीन लाख किलोमीटरची फियाट एकदा तरी बांधलेली असणारच, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. विचारायचं ते एवढंच: आता कितवा बोअर चालू आहे? सिलिंडर झिजला की लेथवाला तो थोडा मोठा करतो आणि मोठ्या मापाचा पिस्टन घालतो. दहा, वीस, तीस थाउ (इंचाचे हजारावे भाग), असं चढत जातं. पिस्टनच्या डोक्यावर ते माप कोरलेलं असतं. ब्लॉकची भिंत जाड ओतीव लोखंडाची, म्हणून ती हे सगळं सोसते, आणि माप संपलं की आत स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळच्या ६८ मिलिमीटरवर येता येतं. क्रँकचंही तसंच: ग्राइंड करायचा आणि जाड बेअरिंग घालायचं. थोडक्यात, या इंजिनाला एकापेक्षा अधिक जन्म दिलेले आहेत. कोणत्या जन्मात आपण त्याला भेटतो आहोत हे कळलं की भाव ठरवणं सोपं होतं. पहिल्या ओव्हरसाइजवर असलेली आणि थंडीत जराशी टकटकणारी गाडी, माप संपलेल्या पण नुकत्याच रंगवलेल्या गाडीपेक्षा कधीही मोलाची. चकचकीत धुऊन आणलेल्या इंजिनाचं कौतुक करायच्या आधी हे विचारावं.

कागदांकडे शेवटी बघावं, पण बघावं. आरसी बुकावर एमएच-१८ म्हणजे धुळ्याचं पासिंग, एमएच-१९ म्हणजे जळगावचं. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी फिटनेस दाखवून पुन्हा करून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. ते वेळेवर झालेलं दिसलं तर मालकाचा स्वभाव कळतो, आणि मालकाचा स्वभाव इंजिनात उतरलेला असतोच.

आता सगळ्या खुणा एकत्र ठेवून भाव करायचा तर माझी फूटपट्टी अशी आहे. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरांचे आकडे घ्यावेत. चारही थोडे कमी पण एकमेकांच्या अगदी जवळ असतील, तर खुशाल पैसे मोजावेत. तीन भरघोस आणि एक पडलेला असेल तर गाडी कितीही चमकत असो, हात आखडता घ्यावा. एकसारखी झीज म्हणजे चौघांना एकाच पाण्यावर, एकाच तेलावर, एकाच हातानं वर्षानुवर्षं सांभाळलं गेलं. वाकडी झीज म्हणजे कुठेतरी एकदा घाई झाली. जिआकोसांनी हेच इंजिन साठ अश्वशक्तीला ताणून शर्यतीत उतरवलं तेव्हा त्याच्यातलं बळ जगानं पाहिलं. पण त्या बळाचा सगळ्यात सुंदर उपयोग ते अर्धंअधिक राखून ठेवण्यात झाला, आणि तो करून दाखवला पारोळ्याच्या रस्त्यावरून साठच्या वेगानं जाणाऱ्या, एकदाही कोणाला मागे टाकण्याची घाई न केलेल्या खान्देशी ड्रायव्हरांनी.